नाव ठेवायला जागा

त्या राज्यात प्रत्येकाला जागा होती, पण जागेची खात्री कुणालाच नव्हती. खुंटीवर टांगलेला खुंटीकडे बघत नसे आणि फळीवर बसलेला फळीकडे बघत नसे. न जाणो, बघितलं आणि ती डुगडुगताना दिसली तर! तांब्यापितळेची, दगडाची, लोखंडाची, लाकडाची अशी सगळी भांडी ही तिथली प्रजा. रोज सकाळी राज्यात हात येत, कामं करत आणि निघून जात. मनगटाच्या वर काय असतं हे कुणी पाहिलेलं नव्हतं. ज्यांनी पाहिल्याचं सांगितलं त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नव्हता.

दाराशी एक टोपली होती. तिला मोड म्हणत. मोडीत गेलेला परत येत नसे. एवढं सोडलं तर राज्य सुखी आहे, असं म्हणायची पद्धत होती.

दर बारा वर्षांनी राज्यात नावठेवणी भरे. सात राज्यांतून भांडी येत, चौरंगावर चढत, आरशासमोर उभी राहत. ज्याची निवड होई त्याच्या अंगावर टाकी नाव कोरत असे, आणि मग त्याला उंचावरच्या काचेच्या कपाटात जागा मिळे. ती जागा मात्र पक्की. तिथून कुणी पडल्याचं, हरवल्याचं, मोडीत गेल्याचं कधी ऐकिवात नव्हतं. कपाटाच्या काचेवर खालून बघितलं तर उजेडच उजेड दिसे, आतलं काही दिसत नसे, त्यामुळे आत सगळं छानच असणार यावर सर्वांचं एकमत होतं.

यंदाची नावठेवणी उद्यावर आली, तेव्हा घंटेनं दवंडी दिली. नेहमीचा मजकूर वाचून झाल्यावर तिनं जरा थांबून शेवटचं वाक्य वाचलं, "नावठेवणीनंतर ज्यांना नाव नसेल, त्यांचा मोडीसाठी विचार करण्यात येईल. यादीत असलेल्यांनी आठव्या दिवशी आपण होऊन टोपलीत बसावं."

'विचार करण्यात येईल' म्हणजे काय हे न कळण्याइतकं त्या राज्यात कुणी भोळं नव्हतं.

दवंडी ऐकून सगळ्यात जास्त दचकली ती फोडणीची पळी. लोखंडाची, काळी, लांब दांड्याची, आणि त्या दांड्याला टोकाजवळ एक बाक. बारा वर्षांपूर्वी ती खुंटीवरून निसटली आणि नेमका वरवंटा तिच्यावरून गडगडत गेला, तेव्हा पडलेला. त्या दिवशी ती फार रडली होती. दुसऱ्या दिवशी हात आला, तिला उचललं, बाकावर अंगठा टेकवला आणि जरा वेळ तसाच थांबला.

तो हात म्हातारा होता. त्याच्या मनगटात एक सैल तांब्याची बांगडी असे आणि तो सारखा थरथरत असे. त्यापूर्वी उकळतं तेल दोनदा त्याच्यावर सांडलं होतं. ते दोन्ही डाग पळीला पाठ होते, कारण ते तिच्याकडूनच पडले होते. पण त्या बाकात अंगठा असा बसे, की हात कितीही थरथरला तरी पळीची वाटी हलत नसे. बारा वर्षांत तिसरा डाग पडला नाही. तेवढ्या दिवसांत अंगठ्यानं दाबून दाबून बाक आणखी थोडा वाकला होता आणि दांडा तिथे चपटा, गुळगुळीत झाला होता. पळीला याचा अभिमान होता, पण वाकडेपणाचा अभिमान उघडपणे मिरवायची सोय त्या राज्यात नव्हती.

"ऐकलंस ना?" शेजारचा मिसळणाचा डबा म्हणाला. त्याला सगळे डबेराव म्हणत. पोटात सात वाट्या, त्यामुळे सात तऱ्हांच्या बातम्या त्याच्याकडे ताज्या असत. "मला काय, मी म्हातारा झालो. झाकणही नीट बसत नाही. पण तू अजून धडधाकट आहेस. तो बाक तेवढा काढून घे आणि चौरंगावर चढ."

"बाक काढला तर हात भाजेल, डबेराव."

"आणि तू मोडीत गेलीस तर भाजणार नाही का? तेव्हा तर तू बघायलाही नसशील." डबेरावांनी झाकण सरसावलं. "अगं, नाव मिळालं की हात आपणहून येतात. नाव असलेल्याला कोण सोडतं?"

या म्हणण्यात काहीतरी चुकतंय असं पळीला वाटत होतं, पण कुठे ते सापडेना. भीती वाटत असली की समोरच्याचं म्हणणं खरंच वाटतं. तिला तर इतकी भीती वाटत होती की टांगल्या जागी ती भिंतीवर आपटत होती.

राज्यात सगळ्यात जुना होता पाटा. तो भिंतीला टेकून उभा असे आणि सहसा बोलत नसे. पळी त्याच्याकडे गेली.

"आजोबा, तुम्ही तर पहिली नावठेवणी पाहिलेली. मी काय करू?"

"पाहिली नाही," पाटा म्हणाला. "माझ्यावरच लिहिली."

मग त्यानं सांगितलं ते असं. फार पूर्वी पातेल्यांना काठ नसे. एका सकाळी एक पातेलं सांडशीतून निसटलं, आधण सांडलं आणि एका चिमुकल्या हाताची पाचही बोटं सोलली गेली. सगळं राज्य खाली मान घालून बसलं. तेव्हा ते पातेलं स्वतःच मध्ये आलं आणि म्हणालं, "मला नावं ठेवा." मग सांडशी हळूच म्हणाली, "तुला धरायला काही नाही रे." झारा म्हणाला, "तुझं तोंड फार पसरट आहे." एकेकानं तोंड उघडलं. पातेल्यानं सगळं ऐकून घेतलं, भट्टीत गेलं आणि काठ घेऊन परत आलं. सगळ्यांनी त्याच्या कपाळाला चिमूटभर राख लावली, घासायची राख, दुसरं होतं काय? आणि टाकीनं पाट्यावर कोरलं : पातेल्याला नाव ठेवले. काठ नाही. काठ केला.

पुढच्या खेपेला तांब्या आपणहून उभा राहिला. त्याच्या गळ्यात हात शिरत नव्हता, आतून घासता येत नव्हतं. मग विळी आली. तिला पाय ठेवायला पाट नव्हता, कापताना ती कलंडायची. दोघांनाही नावं ठेवली गेली आणि दोघंही सुधारून आली. ही कीर्ती शेजारच्या राज्यात गेली, तिथून पलीकडच्या. सात राज्यांतली भांडी पायपीट करून नावं ठेवून घ्यायला येऊ लागली. ज्याला इथे नाव ठेवलंय त्याला डोळे मिटून धरावं, असं दूरदूरचे हात मानू लागले. आणि ते खरंही होतं.

"मग?" पळीनं विचारलं.

"मग जागा पुरेना," पाटा म्हणाला. "माझ्यावर रोज चटणी वाटली जायची, अक्षरं झिजायची. दर बारा वर्षांनी टाकी ती पुन्हा कोरायची. गर्दी वाढली तशी तिनं काटछाट केली. पातेल्याला नाव ठेवले. तांब्याला नाव ठेवले. विळीला नाव ठेवले. एवढंच. काठ, गळा, पाट सगळं गळलं. पुढच्या टाकीनं ते वाचलं आणि म्हणाली, बापरे, केवढा मान! पूर्वी नावं देत असत! तेव्हापासून नावं कोरतात. दोष काढायचे बंदच झाले. इतक्या लांबून पाहुणे येतात, त्यांना नावं ठेवणं बरं दिसत नाही म्हणे."

"आणि तुम्ही सांगितलं नाहीत?"

"सांगितलं की. सगळ्यांनी फार आदरानं ऐकलं. आणि माझ्या कडेला नाव कोरलं, कपाटात मावेना म्हणून भिंतीला उभं केलं आणि माझ्यावर वाटण बंद केलं. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात, पोरी. मला घावही मिळाले, देवपणही मिळालं. चटणी तेवढी गेली."

पळी परत येताना स्वतःची समजूत घालत होती. पाट्याची गोष्ट वेगळी. तो दगड, तो जड, तो म्हातारा. मी हलकी आहे. मला कोण भिंतीला उभं करेल? आणि वाटेत ती टोपली होती. तिच्या काठावर आत्ताच दोन जणं बसून सराव करत होती, म्हणजे आठव्या दिवशी गडबड नको. पळीनं मान फिरवली आणि सरळ हातोडीची वाट धरली.

हातोडीपुढे रांग होती. सात राज्यांतले पोचे, बाक आणि चिरा तिथे उभे होते. पळीची पाळी दुपारी आली.

"कुठे वाकलीयस?"

"इथे."

"कुणी वाकवलं?"

"आधी वरवंट्यानं. नंतर अंगठ्यानं."

"अंगठ्यानं लोखंड वाकत नसतं."

"बारा वर्षं दाबलं तर वाकतं," पळी म्हणाली.

हातोडी क्षणभर उचललेलीच राहिली. तिचं कामच मारण्याचं, पण तिलाही कुठे मारू नये हे कळत होतं. "अजून विचार कर," ती म्हणाली. "मला सरळ करता येतं. होतं तसं करता येत नाही."

पळीच्या मागे रांग कुरकुरू लागली. तिनं डोळे मिटले आणि म्हणाली, "मारा."

तीन घावांत काम झालं. दुखलं नाही. न दुखल्याचंच तिला वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी नावठेवणी. त्या दिवशी हातांना राज्यात मज्जाव असे, कारण हात लागला की डाग पडतो आणि डागाला चौरंगावर जागा नाही. मानाच्या आसनावर चांदीचं तबक होतं. त्यात आजवर काही वाढलं गेलं नव्हतं, त्यामुळे त्याचा निकाल निःपक्षपाती मानला जाई. शेजारी आरसा. परीक्षा अशी, की भांड्यानं चौरंगावर उभं राहायचं आणि तबकानं आरशात बघायचं.

पळी चढली. आरशात तिला एक सरळ, सडपातळ, लख्ख घासलेली कुणीतरी दिसली. ही कोण, असं तिला वाटलं आणि मग लाज वाटली. रात्रभर घोकलेलं तिनं एका दमात सांगितलं, "मी फोडणी करते. तेल धरते. तेल धरून दाखवू का?"

मंडपात हशा पिकला. तबकही हसलं, पण मोठेपणानं. "इथे? अहो बाई, चौरंगावर डाग पडेल." मग त्यानं आरशात खालून वर बघितलं, वरून खाली बघितलं. पळीचा जीव टांगणीला लागला. टांगून राहण्याची तिला सवय होती, पण अशी नव्हे. एका बाजूला कपाट, एका बाजूला टोपली, आणि मध्ये एका तबकाची नजर.

"नाव ठेवायला जागा नाही!" तबकानं घोषणा केली.

मंडप दणाणला. सात राज्यांनी झाकणं वाजवली. लांब मागच्या बाजूला डबेराव इतके हलले की त्यांची हळद सांडली. वाचले, वाचले, एवढंच पळीच्या मनात होतं.

टाकी पुढे आली, तिनं पळीला आडवं केलं आणि दांड्यावरून नजर फिरवली. "जागा नाही हे मात्र खरंच," ती पुटपुटली. दांडा बारीक आणि गोल. अक्षर उठेल कुठे? ती शोधत शोधत टोकापर्यंत गेली आणि थांबली. तिथे अंगठ्याएवढा भाग चपटा होता, गुळगुळीत, जणू नावासाठीच राखलेला.

"ही बघा. आहे जागा."

"तिथे नको," पळीच्या तोंडून निघून गेलं.

तबकानं मान वळवली. "का बरं?"

सात राज्यं बघत होती. ती अंगठ्याची जागा आहे, हे म्हणायला फक्त चार शब्द लागले असते. पण अंगठा म्हणजे हात, हात म्हणजे डाग, आणि तबक तर अजून समोरच बसलेलं होतं.

"काही नाही," पळी म्हणाली. "कोरा."

टाकीनं खोल, ठसठशीत अक्षरांत नाव कोरलं : सरला. सगळ्यांना नाव फार शोभून दिसलं.

काचेचं कपाट आतून अगदी शांत होतं. तिथे विख्यात मंडळी होती. काठाचं पातेलं होतं, रुंद गळ्याचा तांब्या होता, पाटाची विळी होती, म्हणजे त्यांचे वंशज. पळीनं सगळ्यांना नमस्कार केला. मग तिचं लक्ष गेलं : तांब्याचं नाव बरोबर गळ्याखाली होतं, जिथे बोटांची पकड बसते. विळीचं नाव पाटावर होतं, जिथे पाय टेकतो. पातेल्याच्या काठावर तर गोल फिरवून नाव घातलं होतं, पुढे पदव्याही. सांडशीला तिथे आता धरायला काही उरलं नव्हतं. आतून काच स्वच्छ होती. खालचं सगळं दिसत होतं.

सकाळी हात आला. खुंटीकडे गेला. खुंटी रिकामी होती. त्यानं खुंटी एकदा चाचपली, दुसऱ्यांदा चाचपली, खाली जमिनीवर शोधलं. मग पाहुण्यांसोबत आलेली एक नवी पळी उचलली. ती सरळ होती. तेल तापलं, मोहरी तडतडली, हात थरथरला आणि वाटी कलंडली. काचेतून आवाज येत नव्हता, पण पळीला तो ऐकू आला. दुसऱ्या दिवशी अंगठ्याला चिंधी गुंडाळलेली होती. तिसऱ्या दिवशी चिंधी मोठी झाली होती. पळीनं डोळे मिटायचा प्रयत्न केला, पण कपाटात डोळे मिटायची पद्धत नव्हती.

आठव्या दिवशी यादीतली मंडळी टोपलीत बसायला निघाली. डबेराव सगळ्यांत शेवटी. जाताना त्यांनी कपाटाकडे तोंड केलं. त्यांना वरचं काही दिसत नव्हतं, तरी ते म्हणाले असावेत, "येतो हं, पळीबाई. सरलाबाई म्हणायचं ना आता?" पळीला फक्त झाकण हलताना दिसलं. मग ते इतरांना जागा देत, अवघडून टोपलीत बसले.

थोड्या वेळानं हात आला. मिसळणाच्या डब्याच्या जागी गेला, थबकला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि थेट टोपलीत शिरला. डबेरावांना बाहेर काढलं, झाकण पुसलं, न बसणारं झाकण सवयीच्या हिसक्यानं बसवलं आणि त्यांना जागेवर ठेवून दिलं. मग कान तुटलेला तवा काढला. मग चिरलेलं लाटणं काढलं. एकेक करून त्यानं सगळी टोपली रिकामी केली. यादीचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं तरी त्याला वाचता येत होतं की नाही, कोण जाणे.

टोपली रिकामी झाली तरी हात निघाला नाही. तो तळाशी चाचपतच राहिला.

तो काय शोधतोय हे पळीला कळलं. मी इथे आहे, वर, वर बघ! तिनं सगळा जोर एकवटला आणि कपाटाच्या काचेवर स्वतःला झोकून दिलं. 'टण्' असा आवाज झाला. कपाटातली विख्यात मंडळी शहारली.

हात थांबला. वर आला. त्यानं काच सरकवली आणि पळीला उचललं. तीच बांगडी, तोच थरथराट, तेच दोन जुने डाग, आणि आता चिंधीखाली तिसरा. पळीला वाटलं, आता ओळखेल. आता लगेच ओळखेल.

चिंधीतला अंगठा दांड्यावर टेकला आणि टोकाकडे सरकला. बाक सापडेना. तो परत मागे आला, पुन्हा पुढे गेला. मग अक्षरांपाशी अडखळला. 'स'वरून गेला, 'र'वरून गेला. 'ला'च्या काठाला चिंधीचा एक धागा अडकला, तो त्यानं सावकाश सोडवून घेतला. मग दुसऱ्याची वस्तू ठेवावी तशी त्यानं पळी होती तिथे ठेवली, नाव समोर दिसेल अशी, आणि काच लावली.

आणि खाली जाऊन तो पुन्हा टोपली चाचपू लागला.